खुर्च्यांवरचा आळ

आत्याला पोट नाही. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी तिच्या पोटाकडेच बघतो. बाहेरून सगळं जागच्या जागी आहे. आत अन्न साठवायची जी पिशवी असते, जिला जठर म्हणतात, ती सर्जनने पूर्ण काढली आणि अन्ननळी सरळ आतड्याला जोडून दिली. आता घास गिळला की मधे कुठे मुक्काम नाही. आत्या म्हणते, मधला स्टॉप रद्द झालाय, गाडी थेट जाते.

म्हणून तिला पोटभर जेवता येत नाही. चिमूटभर खायचं, बराच वेळ चावायचं, थोड्या वेळाने पुन्हा चिमूटभर. तिच्या एप्रनच्या एका खिशात कात्री असते आणि दुसऱ्यात उकडलेल्या अंड्याचा डबा. गिऱ्हाईक बोलायला आलं आणि तेव्हाच तिच्या तोंडात घास असला तर ती एक बोट वर करते. थांबा. चावून झाल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही, मग तो बसचा मालक असो की दातांचा डॉक्टर.

अख्खा रस्ता तिला आत्याच म्हणतो. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिचं कुशनचं दुकान आहे. फाटलेली सीट, बसकलेला सोफा, सलूनची फिरती खुर्ची, काहीही आणा, ती नवं करून देते. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायची, जिभेने एकेक खिळा ओठावर आणायचा आणि हातोडीने कडेला बसवत जायचं, असं तिचं काम. तोंडात खिळे असतानाही ती भांडू शकायची. लग्न जमलं नाही असं नाही, तिने जमवलं नाही. तिला विचारलं तर सांगायची, घरात एवढ्या खुर्च्या पडल्यात, त्यात नवरा कुठे बसवू.

दुकान तिच्या वडलांनी काढलेलं. ते चांगले धडधाकट होते. एके वर्षी त्यांचं जेवण कमी व्हायला लागलं, पट्ट्याला आणखी भोकं पाडावी लागली, आणि मग ते गेलेच. पोटाचं काहीतरी होतं, एवढंच सगळे म्हणाले. त्यांच्या मागे आत्या आणि तिचा मोठा भाऊ दुकान बघायला लागले. भाऊ मापं घ्यायचा आणि चिकटवायचं काम करायचा, आत्या कापायची आणि शिवायची. सोबतीला पैलवान होता. पैलवान म्हणजे नावालाच, अंगाने काडी. वडलांच्या काळापासून दुकानात असलेला, भावाच्याच वयाचा कारागीर.

मग नाट्यगृहाचं काम आलं. जुनं मोठं नाट्यगृह, सगळ्या खुर्च्या नव्याने भरायच्या. भावाला ते काम आवाक्याबाहेरचं वाटत होतं. आत्याने हट्ट धरला. असं काम परत येणार नाही, म्हणाली. गोदामात रांगेने खुर्च्या लागल्या. ओल्या सोल्युशनवर धूळ बसू नये म्हणून दारं लावून घेतली. सोल्युशन म्हणजे रेक्झिन आणि फोम एकमेकांना चिकटवायचा पिवळा गोंद. डबा उघडला की वास नाकातून सरळ मेंदूत जातो. भाऊ आणि पैलवान दिवसदिवस त्या वासात उभे असायचे.

खुर्च्या झाल्या, सुंदर झाल्या. आणि पुढच्या वर्षी भावाच्या ताटात अन्न उरायला लागलं. डॉक्टरांकडे गेले तोवर जठराचा कॅन्सर आत सगळीकडे पसरला होता. भाऊ गेला तेव्हा भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत वहिनी आत्याला म्हणाली, "तुझ्या खुर्च्यांनी खाल्लं त्याला."

आत्याने उलट शब्द काढला नाही. तोंडात खिळे असताना भांडणारी बाई, पण त्या दिवशी गप्प. कारण तिलाही तसंच वाटत होतं. बापाला सोल्युशनने नेलं, आता भावाला. आणि दारं लावून घ्या असं तिनेच सांगितलं होतं.

तेव्हापासून घराचा कायदा झाला. भावाच्या पोरांनी दुकानाचा उंबरा ओलांडायचा नाही. वहिनीने तो केला आणि आत्याने तो वहिनीपेक्षा कडक पाळला. सोल्युशनचे डबे मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवले, तिथे मोठा पंखा बसवला, आणि पैलवान सोडून कुणी आत जायचं नाही असं ठरलं. आत्यानेही त्यानंतर डब्याला हात लावला नाही. दोघी बायकांचं बोलणं बंद झालं, पण या एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं.

पोरं दोन. मोठा दादा, अभ्यासू, चष्मेवाला, सरकारी कचेरीत चिकटला. धाकटी भिंगरी. ती शाळेत टिकली नाही. बाकावर एका जागी बसणं म्हणजे तिला शिक्षा. शाळा सोडली आणि स्कूटरवरून पार्सलं पोचवायला लागली. तिला खरं तर दुकानातच काम शिकायचं होतं. हात चांगला होता तिचा, घरातली एक जुनी खुर्ची तिने स्वतःच उसवून भरली होती. आत्याने ती खुर्ची बघितली, कोपरा बोटाने दाबून बघितला, चांगलं झालंय म्हणाली आणि तरी आत येऊ दिलं नाही. भिंगरी दुकानाचं पार्सल घेऊन यायची तेव्हा फुटपाथवर उभी राहून हात लांब करायची. आतून आत्या हात लांब करायची. दोघींच्या मधे उंबरा.

आत्याची स्वतःची पाळी आली तेव्हा तिने कुणाला कळू दिलं नाही. छातीखाली जळजळतं म्हणून गोळ्या चघळत राहिली. वजन उतरायला लागलं तसं एप्रनची नाडी आणखी मागे बांधायची. शेवटी भिंगरीनेच पकडलं. फुटपाथवरून ओरडली की तुझे गाल कुठे गेले, आणि तिला जवळजवळ उचलून स्कूटरवर घातलं. घशातून नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासला, तोच आजार निघाला. पण भावासारखा पसरलेला नव्हता. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. केस गेले, केस आले. आत्या उठली आणि दुकानात येऊन बसली.

आल्यागेल्याला ती एकच सांगायची. सोल्युशन दुसरं काय. बरं झालं पोरांना लांब ठेवलं.

मग तपासणीच्या एका फेरीत सर्जनने तिला वरच्या मजल्यावर एका सल्लागार बाईंकडे पाठवलं. पिढीजात आजारांचं बघणाऱ्या त्या बाई. लहानशी खोली, दोन खुर्च्या, एक टेबल. खुर्चीत बसण्याआधी आत्याने सवयीने तिची बैठक चाचपली आणि फोम हलका आहे असा शेरा मारला. भिंगरी सोबत आत आली होती.

बाईंनी कागदावर घर काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं. वडलांचा चौकोन त्यांनी रंगवला, वडलांच्या भावाचा रंगवला, आत्याच्या भावाचा रंगवला, आत्याचा गोल रंगवला. मग म्हणाल्या की भावाच्या आणि तुमच्या कागदांवरून हा कॅन्सर एका विशिष्ट जातीचा दिसतोय, आधीच्यांचाही तोच असणार. तो गाठ होऊन वाढत नाही, जठराच्या भिंतीत सुट्ट्या पेशींनी पसरत जातो. काही घरांत त्याच्यामागे एक बिघडलेलं जनुक असतं. त्या जनुकाचं काम पेशींना एकमेकींना धरून ठेवण्याचं. ते बिघडलं की पेशी सुटायला लागतात.

"म्हणजे शरीराच्या आतलंही एक सोल्युशन असतं," आत्या म्हणाली.

बाई हसल्या. तसंच समजा, म्हणाल्या. तुमचं रक्त घेऊन बघू. बिघाड सापडला तर घरच्या बाकीच्यांना तेवढीच एक जागा तपासता येईल. सापडणं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, धोका मोठा आहे असं. आणि धोका आधी कळला तर करण्यासारखं खूप असतं.

आत्याने विचारलं की भावाला तो बिघाड असला तर पोरांना येतो का. बाईंनी लपवलं नाही. प्रत्येकाला येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं.

आत्या उठली. मला नाही करायची तपासणी, म्हणाली. मॅडम, आमचं सोल्युशनचं काम आहे, त्यानेच झालंय ते. आणि चालायला लागली. भिंगरीने जिन्यात तिला गाठलं. पण पहिलं जे तिच्या तोंडातून निघालं ते असं, की सोल्युशनने झालं नसेल तर मग मला दुकानात यायला काय हरकत आहे. आत्याने तिच्याकडे असं बघितलं की भिंगरी पुढचा सगळा रस्ता गप्प बसून स्कूटर चालवत राहिली.

आत्याच्या मनात काय होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ते सरळ होतं. खुर्च्यांचा आळ तिने इतकी वर्षं वागवला होता. भाऊ तिच्यामुळे गेला. असू दे. गोंदाने गेला असेल तर पोरं सुटली, कारण पोरांनी गोंद कधी हुंगला नाही. आणि गोंदाने गेला नसेल तर तिच्यावरचा आळ जातो, पण मग ते पोरांच्या रक्तात असू शकतं. तिला असली सुटका नको होती. आळ माझ्याकडेच राहू दे आणि पोरं मोकळी राहू देत, असा तिचा सौदा होता. आता या सौद्यात पोरांना कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

भिंगरी गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच. ती एकटीच परत सल्लागार बाईंकडे गेली आणि बाही वर करून बसली. माझं घ्या रक्त. बाईंनी तिला समजावलं. आजारी माणसात बिघाड कुठे आहे ते आधी कळायला हवं. ते न कळता तुझ्या रक्तात काही दिसलं नाही तर त्यावरून तू सुटलीस असं मला म्हणता येणार नाही. कदाचित आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत असू. तुझे आजोबा नाहीत, वडील नाहीत. उरली तुझी आत्या.

भिंगरीने घरी जाऊन सगळं आईला सांगितलं. दादाही तिथेच होता, त्याने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आत्या एका सोफ्याचं जुनं कापड उसवून पट्टे ठोकत होती. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली आणि नमस्कार नाही, चौकशी नाही, एकदम म्हणाली, "तू रक्त द्यायचं नाहीस."

आत्याने तोंडातले खिळे हातात काढले. वहिनी, मी नाहीच म्हणून आलेय, असं तिने सांगितलं. वहिनी वाद घालायची तयारी करून आली होती, समोरून होकार मिळाला तशी ती थोडी गोंधळली. मग आत आली. दोघी बोलायला लागल्या आणि बोलता बोलता एकमेकींना धीर द्यायला लागल्या. काही नाही हो, गोंदच तो. आणि बंद खोलीत काम केलेलं. आणि सासऱ्यांच्या वेळी तर पंखासुद्धा नव्हता. वहिनी नणंदेवर ठेवलेला आळ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती आणि नणंद तो आनंदाने घट्ट करून घेत होती.

भिंगरी आईच्या मागोमाग आली होती. फुटपाथवर उभी राहून ऐकत होती.

"बाबा गेल्यापासून तुम्ही दोघी पहिल्यांदा एका बाजूला आलात," ती म्हणाली, "आणि ते पण माझ्या विरुद्ध."

वहिनी म्हणाली की तुझ्याच भल्यासाठी चाललंय. भिंगरी म्हणाली की माझं भलं कशात आहे हे मला कळायला नको का. आत्या म्हणाली की तू गप्प बस, मोठी माणसं बोलतायत. भिंगरी म्हणाली की मोठी माणसं बोलत नाहीयेत, मोठी माणसं कानात बोटं घालून बसलीयेत. आवाज वाढत गेले. शेजारचा सायकलवाला हवा भरायचं थांबवून बघायला लागला.

तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या खोलीतून पैलवान बाहेर आला. बोटांना पिवळा गोंद सुकलेला, खांद्यावर फडकं. पैलवान बोलतो कमी. मालकांच्या घरच्या भानगडीत तर तो कधीच पडला नव्हता. त्याने फडक्याने हात पुसले आणि एकच विचारलं.

"ताई, मग मला का नाही झालं?"

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

तो सावकाश म्हणाला की मोठ्या मालकांच्या वेळेपासून डबा माझ्याच हातात आहे. नाट्यगृहाच्या वेळी भाऊ मधून मधून बाहेर जायचे, मी आतच असायचो. आजही गोंद मीच मारतो. दोन वेळा पोटभर जेवतो आणि वर चहाबरोबर मिळेल ते खातो. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासमोर इतकी वर्षं गोंदाचं बोलणं केलं, पण मला कुणी मोजलंच नाही.

त्याचं खरंच होतं. दोन बायकांनी दुःख केलं, भांडणं केली, उंबरे आखले, पोरांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, आणि सगळा वेळ समोर एक माणूस गोंदात हात घालून धडधाकट उभा होता. तो घरचा नव्हता म्हणून हिशेबात नव्हता. आणि तो घरचा नव्हता म्हणूनच वाचला होता, हे त्या क्षणी दोघींना एकदमच कळलं.

वहिनी खाली बसली. बसली ती उसवलेल्या सोफ्यावर, स्प्रिंगांवर, आणि तिला कळलंसुद्धा नाही. आत्याने हातातले खिळे डब्यात टाकले. मग तिने एप्रन सोडलं आणि भिंगरीला म्हणाली, स्कूटर काढ.

रक्त द्यायला एक मिनिट लागलं. त्यासाठी एवढं भांडण, असं आत्या सुई निघाल्यावर म्हणाली. सल्लागार बाईंना पैलवानाची गोष्ट सांगितल्यावर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि त्या गोंदाचा वास काही औषध नाही, त्यांना मास्क घालायला सांगा. पैलवानाला मास्क आणून दिला. तो त्याने दोन दिवस गळ्यात घातला आणि तिसऱ्या दिवशी आत्याने दम दिल्यावर नाकावर घेतला.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. बिघाड सापडला. बाईंना शंका होती तिथेच होता, पेशींना धरून ठेवणाऱ्या जनुकात. त्यांनी हेही सांगितलं की बायकांना याच्याबरोबर स्तनाच्या एका जातीच्या कॅन्सरचाही धोका असतो, म्हणून तिथलीही तपासणी दरवर्षी करायची. आत्याने मान हलवली. बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. भावाला खुर्च्यांनी खाल्लं नव्हतं. हे वाक्य तिने मनात दोनतीनदा म्हणून बघितलं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोळ्यांसमोर भिंगरी येत होती.

वहिनीला सांगायला ती स्वतः गेली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "मग मी एवढी वर्षं भांडले कुणाशी?" आत्या म्हणाली की माझ्याशीच, आणि छान भांडलात, त्यात काही कसर ठेवली नाहीत. वहिनी रडता रडता हसली. पोरांचं नाव दोघींनी घेतलं नाही.

पोरांची रक्तं गेली. दादा सुटला. भिंगरी सापडली.

दादा सुटला तर त्यालाच रडू आलं. मी मोठा, मी कसा सुटलो, असं काहीतरी पुटपुटत होता. भिंगरीने त्याला सांगितलं की तुझ्या नशिबात भरलेलं ताट आहे तर गुपचूप जेव, नाटकं करू नकोस. वहिनीने जेवण सोडलं होतं. आत्याने तिच्यासमोर बसून एकेक घास चावून खाल्ला आणि म्हणाली की मला पोट नाही तरी मी खातेय, तुम्हाला आहे, तुम्ही खा.

मग भिंगरीची नळी घालून तपासणी झाली. जठराच्या भिंतीचे बरेच बारीक तुकडे काढले. त्यांत काही निघालं नाही. पण सर्जन म्हणाले की या जातीचे ठिपके इतके बारीक असतात की तुकड्यात येतीलच असं नाही. रस्ते दोन. दरवर्षी नळी घालून बारकाईने बघत राहायचं, किंवा आजार यायच्या आधीच जठर काढायचं. घाई नाही. तूच ठरव, घरच्यांनी ठरवायचं नाही, असं त्यांनी वहिनीकडे बघून सांगितलं.

भिंगरीने ठरवायची अजब रीत काढली. ती आत्याला म्हणाली की मी दुकानात येते, तुझ्यासारखं खाऊन बघते, मग सांगते. आता उंबरा आखणारं कुणी राहिलं नव्हतं. ती आत आली. आत्याने तिला पहिल्या दिवशी मशीनवर बसवलं आणि दर दोन तासांनी समोर बशी ठेवली. अर्धं अंडं. केळ्याचा तुकडा. चमचाभर भात. चावत राहा. पाणी घासाबरोबर नाही, मागाहून. गोड एकदम खाल्लं तर काय होतं तेही आत्याने सांगितलं. घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं पडावं लागतं. दर ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, कारण एक जीवनसत्त्व आता अन्नातून अंगी लागत नाही. पहिले सहा महिने वाईट जातात. मलाही वाटलं होतं की कशाला जगवलं. आत्याने साखर लावून काहीच सांगितलं नाही. भिंगरीने विचारलं की तुला काय आठवतं सगळ्यात जास्त. आत्या विचार करून म्हणाली, "भूक. खरी भूक लागत नाही आता. घड्याळ सांगतं म्हणून खाते."

भिंगरीला ते चिमटीचं खाणं जमेना. आठवड्यातच तिने मागच्या खोलीत जाऊन पैलवानाच्या डब्यातलं अर्धं जेवण संपवलं. आत्याने पकडलं. भिंगरी म्हणाली की ठरलं. मला इतकी भूक लागते, आणि तरी मी काढणार. दरवर्षी नळी घालून घेऊन, दरवर्षी महिनाभर निकालाची वाट बघत बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तू बघतेस ना मला, मी एका जागी वाट बघत बसू शकते का. आत्याने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. फक्त म्हणाली की मग आधी पोटभर जेवून घे, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद करून वहिनीकडे निरोप धाडला की स्वयंपाकात जे जे येतं ते सगळं करा.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या लांब बाकावर सगळे बसले होते. बाकाचं रेक्झिन एका कोपऱ्यात उचकटलं होतं. आत्या त्यावरून बोट फिरवत होती, पैलवान तिच्याकडे बघून नाही नाही अशी मान हलवत होता. सर्जन बाहेर आले, सगळं नीट झालंय म्हणाले. वहिनीने आत्याचा दंड इतका घट्ट धरला होता की त्यावर बोटं उमटली.

आठवड्याभराने काढलेल्या जठराची तपासणी आली. त्यात कॅन्सरचे ठिपके होते. अगदी सुरुवातीचे, वरच्या थरातले, नळीतून न दिसलेले. बाहेर कुठेच काही नव्हतं. औषधांचीही गरज नाही, सर्जन म्हणाले. वेळेत काढलंत. भिंगरी पलंगावर पडून ऐकत होती, चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. तिने आत्याकडे बघितलं. आत्याने भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

पहिले महिने आत्याने सांगितले त्याहून वाईट गेले. भिंगरी दोनदा चमचा फेकून ओरडली की मला नाही जगायचं असं. दोन्ही वेळा आत्याने चमचा धुऊन परत हातात दिला. मग हळूहळू जमायला लागलं. वजन गेलं ते थांबलं, थोडं परत आलं. एके सकाळी ती दुकानात येऊन बसली आणि पैलवानाने लावलेल्या एका कडेला नावं ठेवली, तेव्हा सगळ्यांनी ओळखलं की पोरगी परत आली.

सल्लागार बाईंनी आत्याला एक काम देऊन ठेवलं होतं. हे वडलांकडून आलंय, तर वडलांच्या भावाबहिणींच्या घरी कळवा. वडलांना एकच भाऊ होता, तोही गेलेला. त्याचा मुलगा, म्हणजे आत्याचा चुलत भाऊ, नदीपलीकडे त्याचं स्वतःचं कुशनचं दुकान. दोन्ही दुकानांचं एका गिऱ्हाइकावरून फार पूर्वी फाटलेलं. आत्याने त्याला फोन केला. तिने नाव घेतलं तसा त्याने ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला.

आत्याने एप्रन काढलं, डबा उचलला आणि स्कूटरच्या मागे बसली. भिंगरीने विचारलं की हाकलून दिलं तर. आत्या म्हणाली की तुझ्या आईने मला किती वर्षं हाकललं, मोडले का मी.

चुलत भावाचं शटर अर्धं खाली होतं. आतून हातोडीचे आवाज येत होते. आत्याने शटरवर थाप मारली. आवाज थांबले. तो खालून वाकून बघायला आला, तोंडात खिळे होते. पोटाचं बोलायला आलेय, असं आत्याने सांगितलं. त्याचा बापही पोटानेच गेला होता, हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. त्याने खिळे काढले, आणि काय बोलायला आलीय ते त्याला कळलं असावं, कारण तो लगेच म्हणाला की आम्ही आता पाण्याचं सोल्युशन वापरतो, त्याला वास नाही, आमच्याकडे काही होत नाही.

"शटर वर घे," आत्या म्हणाली. "गोंदाचं नाही हे. पोरं किती आहेत तुला?"

तो तसाच वाकलेला होता. मग त्याने भिंगरीकडे बघितलं. ती स्कूटरवर बसून अर्धं अंडं चावत होती आणि त्याने विचारण्याआधीच एक बोट वर करून त्याला थांबवत होती. त्याने शटर वर घेतलं.